आत्याबाईंचं न्हाणीघर

आमच्या बाथरूममध्ये ॲसिड ओतलं ते मीच. ही हकीकत सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते. दुसरीकडून कुठून सुरू करता आली असती तर मी नक्की केली असती.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. नवीन जालन्यात आमचं तीन खोल्यांचं घर आहे. मी शाळेत शिकवते, नवरा बियाण्यांच्या एका कंपनीत आहे. सुट्टी लागली की माझ्या अंगात साफसफाई संचारते आणि मग घरातली माणसं माझ्या वाटेतून बाजूला होतात. त्या सकाळी गल्लीत फिनाईल-ॲसिडची हातगाडी आली. जुन्या बाटलीत भरलेलं ते पिवळट पाणी मी घेतलं आणि बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर सढळ हातानं ओतलं. आमच्या बोअरच्या पाण्यानं टाइल्सवर जाड पांढरा थर धरला होता. फेस आला, धूर निघाला, डाग गेले. मी नाकाला पदर बांधून घासलं आणि स्वतःवर खूश होऊन फराळाच्या मागं लागले. अर्ध्या तासानं माझ्या सासूबाई आंघोळीला आत गेल्या आणि त्यांनी कडी लावून घेतली. मी त्यांना थांबवलं नाही. थांबवायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

नवऱ्यानं खांद्यानं धक्के मारून कडी तोडली तेव्हा त्या बादलीला टेकून खाली बसल्या होत्या. ओठ काळेनिळे पडले होते आणि श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर चुलीच्या धुरात काढलेली फुप्फुसं आहेत, आता ॲसिड, फिनाईल, रंगाचा वास, यातलं काहीही त्यांच्या जवळपास येऊ द्यायचं नाही. आणि दवाखाना पंधरा-वीस मिनिटांच्या आत असला पाहिजे. हे सगळं ते माझ्या नवऱ्याकडं बघून बोलले, पण ऐकत मी होते.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आमच्याकडं तसंच म्हणतात. आमचं नातं गोडीगुलाबीचं होतं असं कुणी म्हणालं तर आम्ही दोघीही हसू. बावीस वर्षांत आम्ही मिठावरून भांडलो, लुगड्यावरून भांडलो, पोळीच्या जाडीवरून तर दर आठवड्याला भांडलो. मी तापट आहे, आणि त्या गप्प बसून समोरच्याचा ताप वाढवण्यात पटाईत आहेत. पण माझ्या बाळंतपणात महिनाभर माझं अंग त्यांनी चोळलंय आणि मी चिडले असताना माझ्या ताटात गुपचूप साय वाढलीय. त्या बादलीला टेकून बसलेल्या दिसल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई मेली तर मी कुणाशी भांडू.

मामंजी गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईहून इकडं आणलं होतं. गावाकडच्या घरामागं त्यांची न्हाणी आहे. कमरेएवढ्या भिंती, वर आभाळ, आणि मधोमध बसायला एक काळा, सपाट दगड. त्यावर बसून त्यांनी पन्नासेक वर्षं आंघोळी केल्या. जालन्याला येताना नवरा म्हणाला, दगड गाडीत टाकू, तुला सवयीचा आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माझा दगड तिथंच." नवऱ्याला वाटलं, त्या गाडीच्या सीटची काळजी करताहेत. मला मात्र बरोबर कळलं. दगड तिथं म्हणजे घर तिथं, इथं आम्ही पाहुणे.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी बाथरूममध्ये पाय ठेवला नाही. मागच्या मोरीत बसून ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या. माझ्यावर एका शब्दानंही राग काढला नाही, तेच मला जास्त लागलं. मग एक दिवस शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, संक्रांत झाली की मी गावाकडं जाते. गावाकडं शेजारीण होती, पण रात्री-अपरात्री श्वास अडकला तर भोकरदनपर्यंत कोण नेणार? नवऱ्यानं समजावलं, मी समजावलं, शेवटी मी ओरडलेसुद्धा. त्या शेंगा फोडत राहिल्या. हातात दोन महिने होते.

मग मी डोक्यात घेतलं की बाथरूमच मुळापासून बदलायचं. टाइल्स काढायच्या, त्या चिकटवायचा मसालाही नको, वॉटरप्रूफिंगचं रसायन नको, रंग नको. ज्यातून कसला वास येईल असं काहीच नको. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर वाचत बसायची: चुन्याचा गिलावा, विटांच्या भुकटीची सुरखी, गुळाचं पाणी, बेलाचा गर, भिजवलेला हिरडा. खाली पॉलिश न केलेली शहाबादी फरशी. कडुनिंबाच्या बाजूला मोठी खिडकी. नवऱ्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे बाथरूम आहे की पाचक चूर्ण? त्याला शॉवर तेवढा हवा होता. सकाळी शॉवरखाली उभं राहिल्याशिवाय त्याला जाग येत नाही. म्हणून शॉवरची भिंत ठरली आणि तीच सगळ्यात अवघड होती, कारण रोज सगळं पाणी तिच्यावर आदळणार.

मिस्त्री जालन्यातल्याच मस्तगडमधले मिळाले. वय झालेलं, हात स्वच्छ, स्वभाव बोलका. पण त्यांचा सगळा जन्म सिमेंटमध्ये गेलेला. चुन्याचं नाव काढताच ते म्हणाले, "भाभी, हमारे दादा करते थे ये काम. मी पाह्यलंय, केलं न्हाई." मी म्हटलं, पाहिलंय ना, मग करू आपण. इतक्या अडाणी आत्मविश्वासानं मी आयुष्यात दुसरं वाक्य बोलले नसेन.

मागच्या अंगणात प्लास्टिकच्या ड्रममध्ये कळीचा चुना पाण्यात टाकला. तो उकळायला लागला, वाफा आल्या, ड्रम इतका तापला की एका बाजूला वाकडा झाला. आत्याबाई लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या रोज बसायच्या. वाटाणे सोलायच्या, वाती वळायच्या आणि आमच्याकडं बघायच्या. काही बोलायच्या नाहीत. मिस्त्री दोन दिवसांनी म्हणाले, विझला चुना, आता जल्दी लावून टाकू. मलाही घाई होतीच. गुळाचं प्रमाण वाचलं होतं त्यापेक्षा मी जरा जास्तच घातलं. स्वयंपाकात करते तसंच, थोडं जास्त बरं असं म्हणून.

भिंत फार सुंदर झाली. हस्तिदंती, मऊ, हात लावत राहावा अशी. शॉवरच्या भिंतीला गोट्यानं घोटायचं काम मी स्वतः मागून घेतलं. मिस्त्री हातमोजे घाला म्हणाले. पण मोज्यांत हात कळत नव्हता, म्हणून मी ते काढून टाकले. तीन दिवस शाळेतून आले की मी ओल्या चुन्यावर तळहात फिरवत, गोटा फिरवत बसायची. हाताची आग व्हायची आणि मला ती आवडायची, खरं सांगते. ॲसिडची काहीतरी भरपाई होतेय असं वाटायचं.

पाचव्या दिवशी मुंगळे आले. खिडकीतून एक रांग, दारातून एक रांग, आणि माझ्या सुंदर भिंतीवर त्यांची यात्रा. नवरा दारात उभा राहून पोट धरून हसला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मुंगळ्यांचं निभावलं असतं, पण आठवड्याभरात भिंतीवर फोड आले. मसुराएवढे, मग वाटाण्याएवढे, आणि मग एकेक करून टपाटप उडायला लागले. प्रत्येक फोडाच्या जागी खड्डा आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. मिस्त्रींनी करणीच्या मुठीनं टकटक केलं, तर शॉवरच्या भिंतीचा हातभर तुकडा पोकळ वाजला आणि खाली आला. त्यांनी पडलेला तुकडा उचलून उलटसुलट पाहिला आणि ते म्हणाले, बिलकुल समजून न्हाई राह्यलं भाभी, सिमेंट मारून टाकू का?

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. संक्रांतीला बारा-तेरा दिवस राहिले होते. माझे तळहात सोलून निघाले होते, बोटांच्या पेरांत चिरा पडल्या होत्या, खडू धरवत नव्हता. पोरांना मी सांगितलं होतं की बाईंना ॲलर्जी झालीय. रडू येत होतं आणि रडण्याचाही राग येत होता.

आत्याबाई खुर्चीतून उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, हात दाखव. मी दाखवत नव्हते. त्यांनी मनगट धरून हात उलटा केला आणि बघत राहिल्या. मग आत जाऊन तुपाची वाटी घेऊन आल्या, पायरीवर माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक बोट चोळायला लागल्या. दोन्ही हात झाले तरी सोडेनात. मग खाली बघत बोलल्या.

"चुना हाताला खातो. आधी तेल लावावं लागतं. एवढं बी सांगितलं न्हाई मी तुला."

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत?

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधी, माहेरी, त्या आपल्या आईबरोबर चुन्याच्या घाणीवर जायच्या. बैलानं दगडी चाक फिरवायचं, चुना मळायचा, यांनी त्यात सुरखी आणि पाणी टाकत राहायचं. गावच्या देवळाचा ओटा झाला, एक विहीर बांधली, शाळेच्या दोन खोल्या झाल्या, सगळीकडं रोजानं काम केलं. ओट्यावरचा चुना बाया ओळीनं बसून लाकडी चोपण्यांनी बडवायच्या, त्यात सगळ्यात लहान ह्या. सोयरीक आली ती जमीनजुमलेवाल्या घरातून. पाहुण्यांना सांगितलं गेलं की पोरगी घराबाहेर कामाला जात नाही. लग्न ठरल्यावर चार महिने त्यांच्या आईनं रोज रात्री त्यांच्या हातांना असंच तूप चोळलं, हात मऊ दिसावेत म्हणून. मामंजींना त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलाला माहीत नव्हतं. बावीस वर्षं मला माहीत नव्हतं.

"मग तुम्हाला दिसत होतं? आमचं चुकतंय ते?"

"पहिल्याच दिवशी दिसलं. दोन दिवसांत कुठं चुना व्हतो? वरून विझतो. आतल्या खड्यात जीव असतो, तो भिंतीत गेल्यावर फुगतो आन् खपली उडवतो." त्यांनी वाटीतलं तूप पुन्हा बोटावर घेतलं. "मला वाटलं, पडलं तर बरं. मंग मला कोणी अडवणार न्हाई गावाकडं जायला."

मला इतका राग आला की मी हात ओढून घेतला. दीड महिना मी शाळा आणि घर आणि तो ड्रम सांभाळत होते, आणि ही बाई वाती वळत सगळं पडायची वाट बघत बसली होती. मी काहीतरी फार वाईट बोलणार होते. पण त्याच पुढं म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा त्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं.

"तू ॲसिड वतलं ते तुला ठाव नव्हतं म्हणून. मला ठाव असून मी गप बसले. तुझे हात जळून राह्यले, मी बघून राह्यले. माझंच जास्त चुकलं, बाई."

मी हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला. दुसरं काय करणार? तूप अजून बरंच शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात त्यांचं राज्य सुरू झालं. खुर्ची जवळ आली. नाकाला ओलं फडकं बांधलेलं, हातात माझी शाळेतली फूटपट्टी. भिंती विटांपर्यंत खरवडल्या. नवा चुना आला, तो विझवताना त्या घरात दार लावून बसल्या आणि खिडकीतून सूचना देत राहिल्या. विझल्यावर जाड कापडातून गाळायला लावला, खडे बाजूला काढायला लावले. मिस्त्रींना आधी जड गेलं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, अम्मा लई बोलतात. तिसऱ्या दिवशी ते मला विचारायचे बंद झाले आणि थेट त्यांनाच विचारायला लागले.

मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवताना, भाजीतल्या तिखटाबद्दल बोलावं तसं. की मी पोरीपणी रोजानं जात व्हते, चुन्यावर. नवरा घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "माय, तू आधी सांगायचं ना." त्यांनी विचारलं, सांगितलं असतं तर तुझ्या बापानं काय केलं असतं? त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, काही नाही, सगळ्या गावाला सांगत फिरले असते. यावर त्या जराशा हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसून त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्यानं ती नको असतानाही खाल्ली.

विझलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "महिना तरी लागंल." मी मनातल्या मनात दिवस मोजले; संक्रांत त्याच्या आधीच होती. नवऱ्यानंही मोजले असणार, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. संक्रांत आली. तिळगूळ वाटला, वाण लुटलं. गावाकडं जायचं नाव कुणी काढलं नाही. पण त्यांची कपड्यांची पिशवी दिवाळीपासून भरलेली कॉटखाली होती. झाडताना माझा झाडू रोज तिला लागायचा.

महिन्यानं त्यांनी झाकण काढायला लावलं, चुना दोन बोटांत घेऊन चोळला आणि म्हणाल्या, लोण्यावाणी झालाय, आता लावा. गूळ त्यांनी स्वतः मोजला, मुठीनं, आणि मला डबा हातात घेऊ दिला नाही. शॉवरची भिंत मिस्त्रींनी लावली, मी घोटली. रोज कामाला बसायच्या आधी माझे हात तपासले जायचे, कोपरापर्यंत तेल लावलंय की नाही. भिंत घट्ट होत आली की तिच्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा होता. ते त्यांनी मला करू दिलं नाही. वाटी घेऊन त्या स्वतः उभ्या राहिल्या, पंचाहत्तरीला आलेली बाई, आणि कापडानं गोल गोल फिरवत पोचेल तिथपर्यंत सगळी भिंत चोळून काढली. मी मागं उभी होते, त्यांचा श्वास ऐकत. शिट्टी वाजली नाही.

भिंत वाळायला आणखी तीन आठवडे दिले. दाराला कडी लावायची नाही हे मी बजावलं. कडीशिवाय आंघोळ म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी त्यावरून दोन दिवस भांडण केलं. शेवटी ठरलं की आत कडी नाही आणि बाहेर मी पाटावर बसायचं, कुणाला फिरकू द्यायचं नाही.

तर एका रविवारी सकाळी मी पाटावर बसले आणि त्या चार महिन्यांनी बाथरूममध्ये गेल्या. दार लोटलेलं होतं. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तांब्याचा. मग काहीच नाही. मी कान लावला. खिडकीबाहेर निंबावर चिमण्या भांडत होत्या, त्यांचाच आवाज येत होता. आतून एकदा खोकल्याचा आवाज आला आणि मी दारावर हात ठेवला. मग पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. आणि मग एकदम धो-धो आवाज आला, त्यापाठोपाठ त्यांचं हसू. म्हणजे त्यांनी शॉवरचा नळ फिरवून बघितला होता. त्या शॉवरला दोन वर्षांत त्यांनी हात लावला नव्हता.

बाहेर आल्या त्या ओले केस पाठीवर सोडून. चेहरा धुतल्या भांड्यासारखा लख्ख. मी विचारलं, कसं आहे? श्वास कसा आहे? त्या दारात वळून आत बघत राहिल्या, फरशीकडं, कोपऱ्याकडं, खिडकीतून पडलेल्या उन्हाकडं. काहीतरी खोट काढणार हे मला दिसत होतं.

"सगळं बराबर आहे," त्या म्हणाल्या, "पण बसायला काही न्हाई. पुढल्या रविवारी गाडी काढा आन् गावाकडून माझा दगड घेऊन या."

मी पाट उचलला आणि उगाचच पुसायला लागले. त्या केस झटकत माझ्या बाजूनं पुढं गेल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या आणि मागं न बघता म्हणाल्या:

"शेवाळ धरलं असंल त्याला. नारळाच्या शेंडीनं घास. ॲसिड बिलकुल न्हाई."